दूरस्थ सहकार्य आणि त्याची साधने : पुण्याच्या रेडिओ खगोलशास्त्रातील अनुभव

निरनिराळ्या देशांत वाढलेली, निरनिराळ्या रीतीने बोलणारी आणि निरनिराळ्या घड्याळांवर जगणारी माणसे मिळून एकच यंत्र कसे उभारतात आणि कसे चालवतात, हे समजून घ्यायचे असेल तर रेडिओ खगोलशास्त्राइतके बोलके क्षेत्र क्वचितच सापडेल, कारण या शास्त्राने सहकार्य हौसेने नव्हे तर भौतिकशास्त्राच्या नियमामुळे स्वीकारले आहे. दुर्बिणीला आकाशातील किती बारीक तपशील वेगळे ओळखता येतात, म्हणजेच तिची विभेदनक्षमता किती, हे तिच्या व्यासाचे आणि येणाऱ्या लहरींच्या लांबीचे गुणोत्तर ठरवते. रेडिओ लहरी प्रकाशलहरींच्या लाखो पट लांब असल्यामुळे पुरेशी स्पष्टता हवी असेल तर कित्येक किलोमीटर व्यासाची तबकडी लागेल, आणि अशी तबकडी बांधता येत नाही. त्यामुळे अनेक अँटेना दूरदूर ठेवायच्या आणि प्रत्येकीवर आलेला संदेश अचूक वेळेनिशी नोंदवून तो इतर सर्व अँटेनांच्या संदेशांशी जुळवून पाहायचा, ही व्यतिकरणमापनाची पद्धत रूढ झाली. अंतरे जसजशी वाढत गेली तसतशी ती आधी गावाच्या, मग राज्याच्या आणि शेवटी देशाच्या सीमा ओलांडून गेली, आणि त्यांच्याबरोबर या शास्त्रातली माणसेही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, त्याची जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली विशाल मीटरतरंग दुर्बीण (जी सर्वत्र ‘जीएमआरटी’ या नावानेच ओळखली जाते) आणि या केंद्राबरोबर काम करणारे सॉफ्टवेअर अभियंते यांच्या अनुभवातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. सहकार्याची साधने म्हटले की दृक्-श्राव्य बैठका आणि झटपट निरोपांची व्यवस्था डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ज्यांनी हे काम तोलून धरले ती साधने कमी ठळक आहेत : सामायिक वेळ, सामायिक नोंदपद्धत, दोन यंत्रणांच्या सांध्याचा लेखी करार आणि आपोआप चालणारी चाचणी. या साधनांनी माणसांमधले फरक मिटवले नाहीत. त्यांनी फरक नोंदवायला एक जागा दिली, जेणेकरून तो मोजता येईल आणि हिशेबातून वजा करता येईल. त्यांचे खरे मोल यातच आहे, असे येथे मांडायचे आहे.

या परंपरेची सुरुवात मात्र पत्रांनी आणि जहाजांनी झाली. १९५३ मध्ये तरुण भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप कोलंबो योजनेखाली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे जोसेफ पॉसी यांच्या रेडिओ खगोलशास्त्र गटात गेले आणि तेथे आर. पार्थसारथी यांच्यासोबत पॉट्स हिल येथील सौर दुर्बिणीवर काम करू लागले. सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांची ती दुर्बीण लवकरच निकामी ठरवली जाणार असे दिसताच त्या तबकड्या भारताला द्याव्यात, अशी विनंती स्वरूप यांनी केली आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधन संस्थेने ती मान्य केली. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन भरले, त्या सुमारास परदेशात असलेल्या चौघा भारतीय शास्त्रज्ञांनी, म्हणजे स्वरूप, मुकुल कुंडू, टी. के. मेनन आणि टी. कृष्णन यांनी, मायदेशी परतून एकत्र काम करण्याचा प्रस्ताव भारतातील संस्थांना पाठवला. टाटा संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांचा होकार तारेने आला, १९६३ मध्ये स्वरूप त्या संस्थेत रुजू झाले आणि १९६५ मध्ये त्याच ऑस्ट्रेलियन तबकड्या कल्याणला नव्या मांडणीत उभ्या राहून सूर्याचे निरीक्षण करू लागल्या. तबकड्यांचे दान मोठे होतेच. परंतु त्याच तबकड्यांवर सिडनीत हात बसलेली माणसे भारतात होती, म्हणून ते दान उपयोगी पडले. एका देशातले यंत्र दुसऱ्या देशात न्यायचे तर त्याबरोबर एखादे माणूसही जावे लागते, हा अनुभव आजच्या काळातही खोटा ठरलेला नाही.

माणूस जाऊ शकत नसेल, फक्त मोजमापे जाणार असतील, तर काय करायचे, हा प्रश्न १९७०च्या दशकात तीव्र झाला. प्रत्येक वेधशाळेचा संगणक वेगळा, त्यातील शब्दाची लांबी वेगळी, माहिती साठवण्याची रीत वेगळी. एका ठिकाणची चुंबकीय फीत दुसऱ्या ठिकाणी वाचण्यासाठी दरवेळी नवा प्रोग्राम लिहावा लागे. अमेरिका आणि नेदरलँड्स येथील खगोलशास्त्रज्ञांनी मिळून यावर ‘फिट्स’ नावाची सामायिक नोंदपद्धत आखली आणि १९८१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्या रचनेत सहकार्याचा मोठा विचार दडलेला आहे. फाइलच्या प्रारंभी ८० अक्षरांच्या ओळींत, कोणालाही साध्या डोळ्यांनी वाचता येईल अशा शब्दांत, पुढे कोणती मोजमापे आहेत, त्यांची एकके कोणती आणि ती केव्हा व कोठून घेतली, हे लिहावे लागते. त्यानंतरची माहिती २८८० बाइटांच्या ठोकळ्यांत रचली जाते, आणि हा आकडा निवडण्याचे कारण असे की त्या काळच्या निरनिराळ्या संगणकांच्या शब्दलांबीने त्याला निःशेष भाग जातो. कोणत्याही एका गटाचा संगणक प्रमाण मानला गेला नाही, तर सर्वांना सारखाच सोसेल असा आकडा शोधला गेला. पद्धतीत पुढे कितीही भर पडली तरी जुनी फाइल वाचता येईनाशी होता कामा नये, हा दंडकही तिच्याबरोबर रूढ झाला, आणि त्यामुळे चार दशकांपूर्वीची निरीक्षणे आज पुण्यातील विद्यार्थ्याला उघडता येतात.

खोडदची दुर्बीण या सामायिक व्यवस्थेत दाखल झाली तेव्हा तिनेही आपले वेगळेपण टाकले नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतील १४ मध्यवर्ती चौकात आणि उरलेल्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. भरीव तबकड्यांच्या जागी पोलादी तारांची ताणलेली जाळी, जेणेकरून वाऱ्याचा जोर कमी लागावा आणि खर्च आवाक्यात राहावा. दुर्बिणीची कच्ची निरीक्षणे तिच्या स्वतःच्या, ‘एलटीए’ नावाच्या रचनेत साठवली जात आणि ‘लिस्टस्कॅन’ व ‘जीव्हीफिट्स’ या येथेच लिहिलेल्या प्रोग्रामांनी त्यांचे फिट्समध्ये रूपांतर करून ती जगभरच्या संशोधकांच्या हाती दिली जात. घरात आपली पद्धत आणि उंबरठ्यावर सर्वांची, अशी ही विभागणी होती. ती व्यवहारी ठरली, कारण आतल्या यंत्रणेत सुधारणा करायचे स्वातंत्र्य येथील अभियंत्यांकडे राहिले आणि बाहेरच्यांना त्याची झळ पोहोचली नाही.

निरीक्षणाचा वेळ मिळवण्याची रीतही अशीच सर्वांना सारखी आहे. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी आवर्तने असतात आणि प्रस्ताव युरोपातून आला की आपल्याच विद्यापीठातून, त्याची पारख एकाच समितीकडून होते. वेळ मंजूर झाला की परदेशातला संशोधक निरीक्षणाच्या सूचना फाइलमधून पाठवतो आणि खोडदच्या नियंत्रण कक्षात चालक, म्हणजे प्रत्यक्ष दुर्बीण हाताळणारा प्रशिक्षित कर्मचारी, त्या अमलात आणतो. या टप्प्यावर दोन जगे एकमेकांना भेटतात. संशोधकाला आपला तारकास्रोत, वारंवारता आणि निरीक्षणाचा कालावधी ठाऊक असतो. चालकाला आज कोणती अँटेना दुरुस्तीसाठी थांबली आहे, वाऱ्यामुळे कोणती सुरक्षित स्थितीत उभी करावी लागली, कोणत्या पट्ट्यात बाहेरच्या रेडिओ संदेशांचा गोंगाट जास्त आहे, हे ठाऊक असते. निरीक्षणासोबत दिली जाणारी चालकाची नोंद हाच या दोघांमधला पूल आहे, आणि अनुभवी संशोधक मोजमापांना हात लावण्याआधी ती नोंद वाचतो. नवखे मात्र ती पुष्कळदा उघडतही नाहीत आणि मग आठवडाभर एखाद्या विचित्र रेघेचा उगम शोधत बसतात, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

फरक नोंदवण्याला जागा देणे म्हणजे काय, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण स्पंदकांच्या कालमापनात दिसते. स्पंदक म्हणजे अतिशय नियमितपणे फिरणारा, प्रत्येक फेऱ्यात रेडिओ लहरींचा एक झोत पृथ्वीवरून नेणारा न्यूट्रॉन तारा. असे कितीतरी तारे वर्षानुवर्षे पाहत राहिले आणि त्यांच्या स्पंदांच्या आगमनाच्या वेळा अपेक्षेपेक्षा सूक्ष्मपणे पुढेमागे होताना आढळल्या, तर त्यावरून अतिदीर्घ गुरुत्वलहरींचा माग काढता येतो. २९ जून २०२३ रोजी युरोपातील गटाने आणि ‘इनपीटीए’ या नावाने काम करणाऱ्या भारतीय व जपानी संशोधकांच्या गटाने मिळून अशा लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यामागे जर्मनीतील एफेल्सबर्ग, ब्रिटनमधील लव्हेल, फ्रान्समधील नांसे, नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क आणि इटलीतील सार्डिनिया या दुर्बिणींची सुमारे पंचवीस वर्षांची निरीक्षणे होती आणि त्यांना खोडदच्या दुर्बिणीच्या साडेतीन वर्षांच्या निरीक्षणांची जोड मिळाली होती. कालावधी पाहता भारतीय वाटा लहान दिसतो, पण त्याचे कारण लक्षात घेतले पाहिजे : ताऱ्यांमधल्या अवकाशातील इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदाला होणारा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, त्यामुळे जीएमआरटीच्या ३०० ते ५०० मेगाहर्ट्झ या खालच्या पट्ट्यात तो ठळकपणे मोजता येतो, आणि एकदा तो नेमका कळला की युरोपातील वरच्या पट्ट्यांतल्या निरीक्षणांमधूनही तो काढून टाकता येतो. एका गटाकडे दीर्घ कालावधी होता, दुसऱ्याकडे खालचा पट्टा. एकमेकांवाचून दोघांचेही काम अपुरे राहिले असते.

येथे सहा दुर्बिणींची घड्याळे एकच वेळ दाखवत नाहीत. प्रत्येक वेधशाळेचे अणुघड्याळ जागतिक प्रमाणवेळेपासून किंचित सरकते, प्रत्येक इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून संदेश जायला निराळा वेळ लागतो, तारा बदलल्या, जुनी पेटी काढून नवी बसवली की तो पुन्हा बदलतो. या सर्वांना एका साच्यात बसवण्याचा अट्टहास कोणी धरत नाही. प्रत्येक वेधशाळा आपल्या घड्याळाच्या सरकण्याची फाइल ठेवते, आणि कालमापनाच्या प्रोग्रामांत प्रत्येक यंत्रणेसाठी ‘जंप’ नावाची एक अज्ञात स्थिर संख्या मांडून ती इतर राशींबरोबर सोडवली जाते. हा फरक कोणाचा दोष मानला जात नाही. तो जाहीर केला की पुरते, आणि लपवला किंवा सांगायचा राहून गेला तर मात्र तो गुरुत्वलहरींचे सोंग घेऊन निष्कर्षात घुसू शकतो. माणसांच्या सवयींनाही अशी एखादी ‘जंप’ मांडता आली असती तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता, असे या कामात मुरलेल्या माणसांना वाटते, आणि पुढच्या पिढीच्या दुर्बिणीच्या उभारणीत तसे करण्याचा काहीसा प्रयत्न झालाही.

ती पुढची पिढी म्हणजे स्क्वेअर किलोमीटर ॲरे, अर्थात ‘एसकेए’. तिचे मुख्यालय ब्रिटनमध्ये मँचेस्टरजवळ जोड्रेल बँक येथे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात १९७ तबकड्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मर्चिसन भागात १,३१,०७२ लहान अँटेना, असा तिचा आराखडा आहे. मार्च २०१९ मध्ये रोम येथे या संघटनेच्या करारावर सह्या झाल्या, जुलै २०२१ मध्ये उभारणीचा टप्पा सुरू झाला आणि भारत सरकारने १,२५० कोटी रुपयांच्या सहभागाला मंजुरी दिली. या दुर्बिणीचा मेंदू म्हणता येईल अशा ‘टेलिस्कोप मॅनेजर’ या नियंत्रण प्रणालीच्या आखणीचे नेतृत्व पुण्याच्या केंद्राकडे होते, आणि तिच्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग आजही पुण्यातच लिहिला जातो.

येथे पहिली अडचण घड्याळाचीच आली. जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळचे नऊ वाजले की पर्थमध्ये संध्याकाळचे पाच, पुण्यात दुपारचे अडीच, केपटाउनमध्ये सकाळचे अकरा आणि ब्रिटनमध्ये ऋतूप्रमाणे नऊ किंवा दहा वाजलेले असतात. हीच काय ती सर्वांना सोसणारी घटिका, आणि तेव्हाही कॅनडाच्या पश्चिम भागात, जेथे या दुर्बिणीच्या एका महत्त्वाच्या भागाचे काम चालते, मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्यातच भारत, दक्षिण आफ्रिका आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येथे घड्याळे वर्षभर स्थिर असतात, तर युरोपात ती मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एका तासाने हलवली जातात. बैठकीची वेळ ब्रिटनच्या घड्याळाला बांधली असेल तर हिवाळ्यात पुण्याची बैठक एक तास उशिरा सरकते आणि पर्थच्या अभियंत्याला संध्याकाळचे जेवण पुढे ढकलावे लागते, आणि ज्याच्या घड्याळात काहीच बदललेले नसते त्याच्याच घरच्या वेळापत्रकावर त्याचा भार पडतो. हा भार कोणी वाहायचा, हे तंत्रज्ञान ठरवत नाही. वेळ जागतिक प्रमाणवेळेत जाहीर करावी किंवा गैरसोयीची पाळी फिरती ठेवावी, हे निर्णय माणसांना घ्यावे लागतात, आणि जे गट ते उघडपणे घेत नाहीत तेथे हा भार नेहमी मुख्यालयापासून दूर असणाऱ्यांच्याच वाट्याला येतो. याबाबत अधिक सावध राहणे आवश्यक आहे.

एकत्र बोलण्याचा तास इतका दुर्मिळ असल्यामुळे खरे काम लिखाणात होऊ लागले. दोन गटांनी बनवलेल्या यंत्रणा जेथे जोडल्या जातात त्या सांध्याला ‘इंटरफेस’ म्हणतात. कोण कोणती आज्ञा पाठवील, उत्तर किती वेळात यावे, न आल्यास काय समजावे, हे सर्व ज्यात नमूद असते आणि ज्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात त्या लेखी कराराला ‘इंटरफेस डॉक्युमेंट’. सुरुवातीला अनेकांना हे कागदी ओझे वाटले. परंतु एकाच शहरात काम करणारी माणसे ज्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर सहज बोलून ठरवतात त्या सर्व येथे वाक्यांत उतरवाव्या लागल्या, आणि उतरवताना कळले की दोन्ही बाजूंनी मनात धरलेली गृहीतके वेगळीच होती : एका गटाला दुर्बीण ‘तयार’ आहे म्हणजे तिला वीजपुरवठा सुरू आहे असे वाटत होते, तर दुसऱ्याला ती निरीक्षण सुरू करण्याच्या स्थितीत आहे असे. अशी तफावत संभाषणात वर्षभर लपून राहू शकते. ती कागदावर उघडी पडते.

नियंत्रण प्रणालीसाठी कोणता पाया वापरावा, याबाबत प्रत्येक देशाची पसंती तेथील आधीच्या यंत्रांच्या अनुभवातून घडलेली होती. मार्च २०१५ मध्ये इटलीतील त्रिएस्त येथे सर्व गट प्रत्यक्ष जमले आणि तेथे ‘टँगो’ या चौकटीवर एकमत झाले. टँगो ही खगोलशास्त्रात जन्मलेली नाही; ती फ्रान्समधील ग्रेनोबल येथील क्ष-किरण प्रयोगशाळेत प्रथम तयार झाली आणि पुढे युरोपातील अनेक प्रयोगशाळांनी मिळून ती सांभाळली. आपल्यापैकी कोणाचीच नसलेली गोष्ट सर्वांनी स्वीकारणे तुलनेने सोपे गेले, असे म्हणायला जागा आहे. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे : इतक्या लिखाणाची सवय असलेल्या या माणसांना तो निर्णय घेण्यासाठी मात्र एका खोलीत बसावे लागले.

रोजच्या कामाचे साधन म्हणजे गिटलॅब, जेथे सर्व कोड एकत्र साठवला जातो आणि कोणताही बदल ‘मर्ज रिक्वेस्ट’ म्हणून, म्हणजे मुख्य कोडमध्ये तो सामावून घेण्याची विनंती म्हणून, मांडावा लागतो. दुसऱ्या कोणी तो तपासून मान्य केल्याशिवाय तो आत जात नाही. या नियमाचा सांस्कृतिक परिणाम त्याच्या तांत्रिक परिणामाइतकाच मोठा आहे. भारतीय कार्यालयांत वरिष्ठांच्या, विशेषतः परदेशी वरिष्ठांच्या, प्रस्तावावर भर बैठकीत हरकत घेण्याची रीत नाही. तरुण अभियंते गप्प राहतात आणि पलीकडचे त्या गप्प राहण्याला संमती समजतात. मर्ज रिक्वेस्टमध्ये मात्र तपासणे हेच नेमून दिलेले काम असते, चूक दाखवणे उद्धटपणा ठरत नाही, आणि इंग्रजीत सुचायला वेळ लागला तरी वाक्य निवांतपणे लिहिता येते. बैठकीत अवाक्षर न काढणारी माणसे तेथे पानभर नेमके आक्षेप लिहितात, हे पुण्यातील अनेक संघप्रमुखांनी पाहिले आहे. उलट बाजूने, उत्तर युरोपातील सहकाऱ्याने एका ओळीत लिहिलेला कोरडा नकार येथे अपमानासारखा लागतो. तो बदलाला उद्देशून आहे, बदल करणाऱ्याला नाही, हे उमजायला काळ जावा लागतो आणि कोणीतरी ते समजावून सांगावे लागते. चुकीचा अर्थ लावला जाण्याचा धोका लिखाणाने कमी होतो, नाहीसा होत नाही.

आपोआप चालणाऱ्या चाचण्यांनी या ताणाचा बराच भाग उचलला. प्रत्येक बदलाबरोबर दुर्बिणीच्या उरलेल्या भागांची नक्कल करणारे प्रोग्राम चालवले जातात आणि कराराचे एखादे कलम मोडले की बदल लाल, म्हणजे नापास, ठरतो. मग पुण्याचे बरोबर की केपटाउनचे, हा वाद माणसामाणसांत न राहता चाचणीपुढे जातो. येथेही सावधगिरी हवी. करारात जे लिहिलेले नाही त्याची चाचणी होत नाही, आणि सर्व चाचण्या हिरव्या असल्याचे समाधान कधीकधी विचारायला हवा तो प्रश्न विचारू देत नाही. तिमाही नियोजनात, ज्यात सर्व संघ पुढच्या तीन महिन्यांचे काम आणि एकमेकांवरची अवलंबित्वे मांडतात, असे प्रश्न पुढे येतात ते बहुधा अशा माणसांकडून ज्यांनी एकदा तरी समोरच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेले असते.

शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांपुरते हे सहकार्य मर्यादित मानले तर चित्र अपुरे राहील. मर्चिसनची जमीन वजारी यामाजी लोकांची आहे. त्यांच्याशी रीतसर करार झाल्यावरच उभारणी पुढे गेली आणि अँटेनांच्या जागा निश्चित करताना वारशाच्या ठिकाणांना धक्का लागू नये म्हणून त्या समाजातील जाणत्यांसोबत जमीन पायी पाहिली जाते. खोडदलाही दुर्बिणीचे शेजारी आहेतच. टोमॅटो आणि द्राक्षांची शेती करणाऱ्या या भागात रेडिओ शांतता टिकवण्यासाठी उद्योग आणि मोबाइल मनोऱ्यांवर बंधने येतात, आणि ती स्थानिकांच्या समजूतदारपणावाचून टिकली नसती. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला भरणारे प्रदर्शन, जेथे पंचक्रोशीतील शाळांची मुले स्वतः केलेले प्रयोग मांडतात आणि गावकरी अँटेनांपर्यंत जाऊन येतात, हे या समजुतीचे मोठे आधारस्थान आहे.

या सर्व व्यवस्थेत एक उणीव राहिली आहे आणि ती भरून काढण्याची वेळ आता आली आहे. करार, फाइलींची शीर्षके, मर्ज रिक्वेस्ट, सर्व इंग्रजीत असतात. परंतु अँटेनांची जाळी ताणणारे, गिअर आणि मोटारी सांभाळणारे, कोणत्या ऋतूत कोठे पाणी शिरते आणि कोणती केबल आधी दगा देते हे जाणणारे तंत्रज्ञ आपसांत मराठीत बोलतात, आणि त्यांचे बरेचसे ज्ञान हातातून हातात जाते. त्यांतले अनेक आता निवृत्तीच्या वयाला पोहोचत आहेत. एसकेए पन्नास वर्षे चालावी अशी योजना आहे आणि इतक्या मोठ्या काळात तिला सर्वांत जास्त गरज लागेल ती याच जातीच्या ज्ञानाची. या माणसांकडून त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित केलेल्या नोंदी घ्याव्यात, त्या दुरुस्तीच्या इंग्रजी दस्तऐवजांशी अँटेनाच्या क्रमांकानुसार जोडाव्यात आणि इंग्रजी रूपांतर पक्के करण्याआधी ते त्याच तंत्रज्ञांना मराठीतून समजावून त्यांची मान्यता घ्यावी. इंटरफेसच्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, तोच नियम येथेही लागू करण्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही.